रुमाल आणि तबकडी

चवथ जवळ आली की पेडण्याच्या आमच्या जुन्या घराचा माळा झाडून काढावयाचा, हा परिपाठ आजोबांच्या काळापासून चालत आलेला आहे. माळ्यावरील पेटीत लाल रुमालांत बांधलेले मोडी दप्तर आहे. दरवर्षी रुमाल सोडावेत, श्रावणसरींतून मिळेल तेवढे ऊन कागदांना दाखवावे, कडुलिंबाचा पाला घालून ते पुन्हा बांधावेत. जतनात कसूर नाही. मात्र वडील गेल्यापासून ते वाचणारे घरात कोणी उरलेले नाही.

यंदा त्याच पेटीच्या तळाशी संगणकाची एक तबकडी हाती लागली. ती मीच ठेवली होती. सेवेत असताना एका कार्यालयात माझ्याकडे एक लहानसा अभ्यासप्रकल्प होता. पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील झरी, तळी आणि विहिरी यांची नकाशासह संगणकात नोंद करावयाची होती. दोन उन्हाळे आम्ही गावोगाव हिंडलो. कोणती झर वैशाखातही आटत नाही, कोणत्या झरीचे पाणी कोणत्या वाड्याने कोणत्या क्रमाने कुळागरास घ्यावयाचे, हे ऐंशीच्या घरातील माणसांनी सांगितले आणि आम्ही उतरवून घेतले. त्यासाठी एक प्रणाली खास करवून घेतली होती. मुदत संपली, निधी संपला आणि फाईलीवर ‘काम पूर्ण’ असा शेरा मीच मारला. पुढे संगणक बदलले. नव्या यंत्रांवर ती प्रणाली चालेना. तिची मूळ संहिता करणाऱ्याकडेच राहिली होती. ती मागून घ्यावी, हे मला सुचलेच नाही. ज्यांनी सांगितले, ती माणसेही आता नाहीत.

चवथीला आलेल्या पुतणीला मी ती तबकडी दाखवली. ती पुण्यास भूजलाच्या अभ्यासासाठी संगणकप्रणाली लिहिते. काही नोंदी वाचता येतील, पण नकाशाशी त्यांची सांगड लागणे कठीण, असे ती म्हणाली. मग थोडे थांबून म्हणाली, “काका, आमचेही अनुदान मार्चमध्ये संपते. प्रणाली मुक्त परवान्याखाली ठेवली की आपले काम झाले, असे आम्ही मानतो. पुढे ती कोण सांभाळणार, हे अर्जात कोणी विचारत नाही.”

मुक्तस्रोत प्रणाली म्हणजे जिची संहिता कोणालाही वाचता, वापरता आणि दुरुस्त करता येते. तिने ‘ग्रास’ या नकाशाप्रणालीची हकीकत सांगितली. अमेरिकी सैन्याच्या इलिनॉयमधील बांधकाम-संशोधन प्रयोगशाळेने १९८२ पासून ती रचली. १९९०च्या दशकाच्या मध्यास सैन्याने हात काढून घेतला. संहिता खुली होती, म्हणूनच टेक्सासचे बेलर विद्यापीठ आणि जर्मनीतील हॅनोव्हरचे संशोधक ती उचलू शकले. १९९९ मध्ये तिला जीएनयू हा मुक्त परवाना लाभला आणि आज निरनिराळ्या देशांतील जाणकार ती सांभाळतात. माझ्या प्रणालीच्या बाबतीत असे कोणी पुढे आले असते, तरी त्याच्या हाती देण्यासारखे माझ्यापाशी काहीच नव्हते.

तथापि नुसते खुलेपणही पुरत नाही. फ्रान्समधील इन्रिया या संशोधनसंस्थेने २०१६ मध्ये ‘सॉफ्टवेअर हेरिटेज’ हा संग्रह जाहीर केला. जगभरातील खुल्या संहिता तेथे जपल्या जातात. हे मोठेच काम. पण ते आमच्या रुमालांसारखे आहे. यंत्रे बदलतात, ज्या दुसऱ्या प्रणालींच्या आधाराने आपली प्रणाली चालते त्याही बदलतात, आणि दर काही वर्षांनी कोणीतरी बसून तिची डागडुजी करावी लागते. त्यासाठी संहिता वाचणारी माणसे घडावी लागतात. मुंबईच्या आयआयटीतील ‘फॉसी’ प्रकल्प विद्यार्थ्यांना अशा मुक्त प्रणालींकडे वळवतो. तेथीलच ‘स्पोकन ट्युटोरियल’चे पाठ मराठीतूनही ऐकावयास मिळतात. मोडीचे असे पाठ आमच्या घरात कोणी चालू ठेवले असते तर!

आपल्या डिचोली तालुक्यातील नार्व्याचा सप्तकोटेश्वर मला या संदर्भात आठवतो. दिवाडीवरील देऊळ पोर्तुगीज राजवटीत मोडले गेले. भक्तांनी लिंग नदीपार आणून वाचवले. १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी नार्व्याच्या देवळाचा जीर्णोद्धार करविला. राज्याच्या पुरातत्त्व खात्याने पुन्हा दुरुस्त केल्यावर २०२३ मध्ये ते खुले झाले. लिंग वाचवणे हे एक काम आणि देवापुढे रोज दिवा लागता ठेवणे हे दुसरे. पहिले एकदा करून भागते. दुसऱ्यासाठी नेमणूक लागते, उत्पन्न लावून द्यावे लागते.

सरकारी इमारतीच्या देखभालीसाठी आम्ही दरवर्षी तरतूद मागत असू. संगणकप्रणालीसाठी तशी मागणी मी एकदाही केली नाही. ती बांधून झाली म्हणजे झाली, अशीच माझी समजूत होती. संशोधनाला पैसा देणाऱ्यांनी शेवटच्या हप्त्यापूर्वी एवढेच विचारावे: संहिता कोठे ठेवली, माहितीपुस्तिका लिहिली का, आणि उद्या ही कोण सांभाळील?

विसर्जनानंतर पुतणी परतण्यापूर्वी आम्ही दोघे ओसरीवर बसलो. मी आठवून झरींची नावे सांगत गेलो आणि ती साध्या मजकुराच्या स्वरूपात उतरवत गेली, कोणत्याही संगणकावर उघडेल अशी. निम्मीही आठवली नाहीत. आठवली तेवढ्यांची एक प्रत तिच्याकडे आहे, एक माझ्याकडे. तिसरी कागदावर छापून मी पेटीत, रुमालांच्या शेजारी ठेवली आहे.