निवृत्त झालेला मृत्यू

वारकऱ्याचे इंग्रजी कादंबरीशी काय काम, असे तुम्ही म्हणाल. मी ती वाचली नाही, ऐकली. नात रोज रात्री मराठी करून सांगायची आणि मी पोथी ऐकावी तसा ऐकायचो. टेरी प्रॅचेट या इंग्रज लेखकाची १९९१ सालची ‘रीपर मॅन’.

तिच्यात मृत्यू हेच एक पात्र आहे. हाडांचा सापळा, काळा झगा, हाती लांब दांड्याचे पाते. माणसांत वावरून त्याला माणसाचा थोडा गुण लागतो, म्हणून विश्वाचे हिशेबनीस त्याला कामावरून काढतात आणि त्याच्याही आयुष्याचे वाळूचे घड्याळ त्याच्या हाती ठेवतात. आता बापड्याने करावे काय? नाव बदलून तो एका म्हाताऱ्या बाईच्या शेतावर गडी म्हणून राहतो. कापणीला लावला तर एकेक काडी वेगळी कापतो, तीही भराभर! झोप म्हणजे काय, ते त्याला नव्याने कळते. वाळू सरू लागते तशी त्यालाही धास्ती वाटते. कीर्तनातून निवृत्त झालेल्या मला या निवृत्ताची फार गंमत वाटली.

दोन वर्षांपूर्वी आमची ही गेली. तेव्हापासून घरात ‘मरण’ हा शब्द कोणी काढीत नसे, माझ्यासमोर तर नाहीच. चाळीस वर्षे मी लोकांच्या दशक्रियेला घाटावर प्रवचने केली. तिथे हा शब्द रोजचा. आमच्या ओसरीवर मात्र त्याला बंदी. एके रात्री नात वाचता वाचता थांबली आणि म्हणाली, “आबा, आजीला न्यायला असाच कोणी आला असेल का?” मी म्हणालो, “आला असेल तर तिने आधी त्याला चहा विचारला असेल.” आम्ही दोघे हसलो, मग दोघेही रडलो.

यात अनादर आहे का? कठोपनिषदात यम घरी नसताना नचिकेता तीन रात्री त्याच्या दारी उपाशी राहिला. परतल्यावर यमाने त्या पोराला नमस्कार करून तीन वर दिले. नाथमहाराजांनीही भारुडातून हसवत हसवतच परमार्थ गळी उतरवला.

कादंबरीत पुढे नवा मृत्यू येतो, डोक्यावर मुकुट घालून. त्या मुकुटाचाच जुन्याला संताप येतो. आपण राजे नव्हे, कापणी करणारे. आणि कापणाऱ्याला पिकाची माया हवी, ही त्याची समजूत. शेवटी तो त्या बाईला सुगीच्या नाचाला नेतो आणि मग लग्नाआधीच गेलेल्या तिच्या नवरदेवापाशी पोचवतो.

हे लिहिणाऱ्या प्रॅचेट यांना २००७ साली स्मृती पोखरणारा आजार असल्याचे कळले. २०१५ साली ते गेले. मधल्या वर्षांत ते लिहीतच राहिले.

माउली, तुमच्या घरातले कोणी गेले असेल आणि पोरे तो विषय टाळत असतील, तर तुम्हीच काढा. गेलेल्या माणसाची एखादी खोड सांगा. पोरे हसतील, त्यांना हसू द्या. रामकृष्णहरी!