सर्वांनी म्हणावयाची वंदना

गवयाची थोरवी बहुधा त्याच्या अवघड तानांवरून ठरविली जाते. मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर यांच्यापाशी त्या वैभवाची मुळीच वाण नव्हती. १८९८ साली आळंदीस जन्मलेल्या या कलावंतास भास्करबुवा बखले यांच्यासारखा गुरू लाभला होता. गंधर्व नाटक मंडळीत आणि पुढे प्रभातच्या बोलपटांत त्यांच्या चालींनी रसिकांना वेड लावले. परंतु डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांच्यावर सोपविलेले काम निराळे होते. बुद्धवंदनेला चाल द्यावयाची होती. आणि ती वंदना समुदायाने म्हणावयाची होती.

वंदनेची भाषा पाली. बुद्ध, धम्म आणि संघ यांना शरण जाण्याची वचने तीनदा उच्चारावयाची, पंचशील म्हणावयाचे, ओळी थोड्याच. पण म्हणणारे कोण? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे लाखो लोकांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. त्यांच्यापैकी कित्येकांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या अक्षरास येऊ दिले गेले नव्हते. मग पाली कोठून ठाऊक असणार! अशा ओठांवर अनोळखी शब्द बसवावयाचे, तर सुराचाच आधार हवा. आणि तो सूर थकल्याभागल्या गळ्यालाही पेलला पाहिजे. तानबाज गवयाला याहून कठीण परीक्षा कोणती?

मास्टरांना हा मार्ग अगदीच नवा नव्हता. ‘वंदे मातरम्’ समूहाने गाण्याजोगे नाही, असा आक्षेप निघाला तेव्हा घटना समितीच्या सदस्यांपुढे त्यांनी ते समूहगीताच्या रूपात सादर केले होते. वंदनेची ध्वनिमुद्रिका १९५६ साली निघाली. त्याच वर्षी, ६ डिसेंबरला, बाबासाहेब गेले.

बुद्धाची वचनेही प्रथम मुखानेच जतन झाली. राजगृहाच्या सभेत भिक्षूंनी ती एकत्र म्हटली, असे परंपरा सांगते. त्या सभेचे नावच मुळी ‘संगीती’.

उजनीच्या पाण्याकाठच्या डाळजसारख्या खेड्यापासून मुंबईच्या चाळीपर्यंत चाली वेगवेगळ्या ऐकू येतात, पण रीत एकच. ‘दुतियंपि’ म्हणजे दुसऱ्यांदा, ‘ततियंपि’ म्हणजे तिसऱ्यांदा. पहिल्या खेपेस नवखा नुसता ऐकतो, दुसऱ्या खेपेस ओठ हलवितो आणि तिसऱ्या खेपेस त्याचा आवाज इतरांच्या आवाजात मिसळून जातो.