कुमारांच्या हाती काय द्यावे?

भोपाळसारख्या हिंदी मुलखात राहणाऱ्या मराठी घरांतून एक प्रश्न वारंवार कानी पडतो : मुलांस मराठी वाचावयास काय द्यावे? नागरी लिपी दोन्ही भाषांची एकच. तेव्हा अडचण अक्षरांची नाही, गोडीची आहे. आमची चौदा वर्षांची भाची एकदा म्हणाली, "मामा, मराठी आरतीपुरती ठीक आहे. गोष्टी मी हिंदीतच वाचते." बोल झोंबले खरे, पण त्यांत खोटे काय होते? हिंदीत मुलांसाठी 'चकमक' मासिक याच शहरातून १९८५ पासून निघते. मराठीत तिच्या वाट्याला आला होता तो बहुतेक उपदेश.

कुमारवय आले की 'श्यामची आई' हाती द्यावी, ही आपल्याकडील रीत. १९३५ सालचे ते पुस्तक थोर आहे, यात वाद नाही. परंतु सर्व मुलांस एकाच दाराने आत का बोलवावे? हिला रहस्याची आवड. म्हणून आम्ही भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे' दिला. फुरसुंगीचा तो किडकिडीत बनेश आला आणि चार दिवसांत घरभर 'ट्टॉक' ऐकू येऊ लागले! मग जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा. त्यांचेही बालपण काशीस, म्हणजे हिंदी मुलखातच गेले. १९७४ साली त्यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी टोपणनावाने कथा धाडली, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नीकडून लिहवून घेतली. कथांपेक्षा ही हकीकतच तिला अधिक रुचली. नारायण धारपांच्या भयकथा तिच्या आईने कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवल्या. त्या कधी खाली आल्या, हे आम्हांस ठाऊक आहे, आईस नाही.

पण खरी गंमत झाली ती प्रकाश नारायण संतांच्या 'वनवास'ने. १९९४ सालच्या या कथांतला लंपन बेळगावकडील सीमाभागात आजी-आजोबांकडे राहतो. त्याच्या मराठीला कानडीचा हेल आहे. घरात कोकणी बोलून मराठी वाचणाऱ्या आमच्या वाचकांस हा गोडवा निराळा सांगावयास नको. मुलीने मात्र दहाएक पाने वाचून पुस्तक मिटले आणि विचारले, "असे लिहिलेले चालते?"

त्या प्रश्नामागे काय होते, ते आम्हांस ठाऊक होते. सुट्टीत पुण्यास गेली असता तिच्या हिंदीमिश्रित बोलण्यावर भावंडे हसली होती. तेव्हापासून ती चारचौघांत मराठी बोलेनाशी झाली होती. आम्ही म्हटले, "चालते म्हणजे काय, लोक आवडीने वाचतात." तिने पुन्हा पुस्तक उघडले ते रात्री उशिरापर्यंत मिटले नाही. दुसऱ्या दिवशी पुण्याच्या आतेबहिणीस तिने दूरध्वनी केला, तो मराठीतून, आणि तोही, "तू 'वनवास' वाचलेच नाहीस?" असे दरडावण्यासाठी.

हल्ली गणेशोत्सवात जमणाऱ्या मुलांस पुस्तके तीच सुचवते. भित्र्यास काय द्यावे, खोडकरास काय, याचे तिचे अंदाज आमच्याहून अचूक ठरतात. गो. नी. दांडेकरांची 'कुणा एकाची भ्रमणगाथा' आम्ही तिच्यासाठी काढून ठेवली आहे. ती नर्मदापरिक्रमेची कहाणी, आणि नर्मदा येथून दूर नाही. पण तिला आधी लंपनचे उरलेले भाग हवे आहेत.