गवतातलं स्टेडियम

मुलांनो, तुम्ही कधी नसलेलं स्टेडियम बघायला गेला आहात का? मी गेलो! बरोबर आमची धाकटी होती आणि गाडी चालवायला माझे मामा, म्हणजे तिचे मामाआजोबा.

मामा गेली चाळीस वर्षं अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, ॲक्रन गावी राहतात. ॲक्रन म्हणजे टायरचं गाव. मामाही रबराच्या प्रयोगशाळेतच नोकरीला होते. गेल्या जून महिन्यात आम्ही त्यांच्याकडे गेलो, तर दुसऱ्याच दिवशी सकाळी ते खाली उतरले ते एक जुनी, विटलेली बनियनवजा जर्सी घालून. पाठीवर ३ आकडा.

"चला, रिचफिल्डला जाऊ," ते म्हणाले. मामी स्वयंपाकघरातून ओरडल्या, "अहो, तिथं काय आहे आता? पोरीला जरा धबधबा तरी दाखवा!"

खरं होतं. ॲक्रन आणि क्लीव्हलंड या दोन शहरांच्या मध्ये, तीनशे तीन नंबरच्या रस्त्याला लागून आम्ही उतरलो, तर समोर नुसतं गवत! कमरेएवढं, वाऱ्यावर डुलणारं. मधूनच पिवळ्या छातीचा एक पक्षी उडे आणि गोड शीळ घाली. मेडोलार्क त्याचं नाव. छातीवर काळी कंठी असते.

"इथं वीस हजार माणसं बसायची," मामा म्हणाले.

१९७४ साली इथं 'कोलिसियम' नावाचं प्रचंड बंदिस्त स्टेडियम उभं राहिलं. क्लीव्हलंडचा बास्केटबॉल संघ 'कॅव्हेलियर्स' इथं खेळायचा. १९९४ मध्ये संघ शहरातल्या नव्या स्टेडियमात गेला, १९९९ मध्ये ही इमारत पाडली आणि जागा शेजारच्या कायाहोगा दरीच्या संरक्षित प्रदेशात घेतली. तो आता राष्ट्रीय उद्यान आहे. माणसं गेली नि पाखरं आली.

"आजोबा, तुम्ही इथं मॅच बघितलीत?" धाकटीनं विचारलं.

बस्स! मामांना तेवढंच हवं होतं.

७ मे १९८९, रविवार. समोर शिकागो बुल्सचा संघ, त्यात मायकेल जॉर्डन. पाच सामन्यांत दोघांचे दोन-दोन विजय झालेले, हा शेवटचा. जो हरेल तो घरी! त्या वर्षी कॅव्हेलियर्सनी ८२ पैकी ५७ सामने जिंकले होते, आणि स्पर्धेच्या साखळीत शिकागोला सहाच्या सहा वेळा हरवलं होतं. त्यामुळे सगळं कोलिसियम जिंकायच्याच तयारीनं आलेलं.

क्रेग एह्लो हा काही मोठा तारा नव्हता. निवड झाली तेव्हा त्याचा नंबर अठ्ठेचाळिसावा होता. त्यात त्या दिवशी घोटा मुरगळलेला. तरी पठ्ठ्यानं २४ गुण केले, त्यातले १५ तर शेवटच्या बारा मिनिटांत! सहा सेकंद उरली असताना जॉर्डननं शिकागोला ९९-९८ असं पुढं नेलं. मग एह्लोनं बाहेरून चेंडू आत दिला, स्वतः बास्केटकडे धावला, चेंडू परत घेतला आणि टाकला आत. १००-९९! तीन सेकंद बाकी.

"मी शेजारच्या अनोळखी माणसाला मिठीच मारली," मामा म्हणाले.

पण तीन सेकंद पुष्कळ असतात. चेंडू आत देणाऱ्या शिकागोच्या खेळाडूसमोर कॅव्हेलियर्सनी कुणालाच उभं केलं नाही, कारण दोघांना जॉर्डनवर ठेवलं होतं. जॉर्डन दोघांच्याही हातून निसटला. एह्लो धावला, हात उंचावून झेपावला. जॉर्डन हवेत क्षणभर नुसता थांबला! एह्लो पुढून निघून गेला, आणि मग चेंडू सुटला. १०१-१००. एह्लो जमिनीवर कोसळला.

तो फोटो, ती फिल्म जगभर दाखवली गेली आणि एह्लो म्हणजे 'ज्याच्यामुळे हरलो तो' असं होऊन बसलं. आदल्या पाच सेकंदांतली त्याची बास्केट कोण दाखवणार? जॉर्डनसमोर रॉन हार्परला ठेवायला हवं होतं, असंही लोक म्हणत. असेल. पण ते ठरवणं प्रशिक्षकाचं काम, एह्लोचं नव्हे. आणि जॉर्डननं त्या दिवशी ४४ गुण केले होते, ते काय एकट्या एह्लोच्या चुकीमुळे?

त्या रात्री या चिंचोळ्या रस्त्यावर मोटारींची ही रांग लागलेली. गाडीत मामांचे चार सहकारी एह्लोच्या नावानं बोटं मोडत होते. मामा म्हणाले, "चोवीस गुण कुणी केले? तो नसता तर आपण आधीच हरलो असतो." त्यावरून इतकं वाजलं, की त्यातला एकजण महिनाभर मामांशी बोलला नाही! मामांनी पुढल्याच आठवड्यात ही जर्सी विकत घेतली.

एह्लो पुढं आणखी चार वर्षं कॅव्हेलियर्सकडूनच खेळला. नंतर अटलांटाला गेला, तिथंही प्रशिक्षक तेच होते, लेनी विल्कन्स. आणि २०१६ साली कॅव्हेलियर्स पहिल्यांदा अजिंक्य ठरले, तेव्हा मामा टीव्हीसमोर हीच जर्सी घालून बसले होते. "सगळे लेब्रॉन जेम्सची घालून, आणि हे एकटे!" मामींनी नंतर सांगितलं.

आता घरातली एक गोष्ट सांगतो, धाकटीच्या परवानगीनं. फेब्रुवारीत आंतरशालेय सामन्यात शेवटच्या मिनिटाला तिचे दोन्ही फ्री थ्रो हुकले आणि संघ एका गुणानं हरला. व्हॅनमध्ये मुली तिच्याशी बोलल्या नाहीत. मीही घरी शहाणपणानं म्हणालो, "एक तरी घालायचास." तेव्हापासून तिचा चेंडू पलंगाखाली पडून होता.

ती बराच वेळ गवताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आजोबा, बास्केट कुठं होती?"

मामांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. रस्त्याकडे पाठ करून उभे राहिले, चार पावलं चालले, परत आले. "इथं... नाही, तिथं असावी."

"नक्की सांगा ना!"

मग दोघं गवतात पावलं मोजत हिंडू लागले. मी मात्र डास चावायला लागल्यावर गाडीत जाऊन बसलो. काचेतून बघतो तर धाकटी एका जागी पाय जुळवून उभी होती, आणि मामा समोर दोन्ही हातांचं कडं करून, डोक्यावर धरून!