दावणीचे भाडे

कल्हईवाल्याने आपल्या घरातले एकही भांडे घडवलेले नसते. घड्याळजीने घड्याळ बनवलेले नसते आणि रफूगाराने शालू विणलेला नसतो. तरी या तिघांच्या हाती आपण आपल्या वस्तू निःशंकपणे सोपवतो. घडवणारा एक आणि सांभाळणारा दुसरा, ही आपल्या संसाराची जुनी रीत आहे.

संगणक आले तेव्हा त्यांनीही ही रीत काही काळ पाळली. १९७८ साली आयबीएमने भारतातला आपला व्यवसाय गुंडाळला. परकीय चलनाच्या कायद्याप्रमाणे आपली मालकी कमी करणे तिला मान्य नव्हते. पण मागे राहिलेल्या यंत्रांना वाली मिळाला. कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन या सरकारी कंपनीने त्यांची देखभाल अंगावर घेतली. यंत्र लोखंडाचे होते. त्याचे झाकण उघडता येत होते. हुशार हाताला एवढे पुरते.

सॉफ्टवेअरचे झाकण मात्र उघडत नाही. आमच्या महाविद्यालयाच्या कचेरीत फीचा आणि पगाराचा हिशेब ठेवणारी एक प्रणाली आहे. तिच्या देखभालीचे बिल दर वर्षी येते, आणि दर वर्षी आमचे भाऊसाहेब सुस्कारा टाकतात, "सर, म्हैस आपण विकत घेतली, पण दावणीचं भाडं जन्मभर!"

भाऊसाहेबांचे दुःख जगभरचे आहे. ओरॅकल ही अमेरिकन कंपनी अशा देखभालीसाठी परवान्याच्या किमतीच्या सुमारे २२ टक्के रक्कम दर वर्षी घेत आली आहे. पाच वर्षांत मूळ किंमत पुन्हा वसूल! साहजिकच रिमिनी स्ट्रीटसारख्या तिऱ्हाईत कंपन्या पुढे आल्या. 'निम्म्या पैशांत आम्ही सांभाळतो,' असे त्या म्हणाल्या. २०१० साली ओरॅकलने रिमिनीला न्यायालयात खेचले, आणि २०१५ साली ज्यूरीने स्वामित्वहक्काच्या भंगाबद्दल साडेतीन कोटी डॉलरहून अधिक भरपाई ठरवली. तिऱ्हाइताने देखभाल करावी यात दोष निघाला नाही. त्यासाठी प्रणालीच्या नकला आपल्याकडच्या यंत्रांवर ठेवल्या, हा दोष निघाला. कल्हईवाला भांडे घरी नेऊ शकतो. इथे नेले तर तो चोर ठरतो!

उत्पादकाचीही एक बाजू आहे. चोरवाटा बुजवणारी नवी ठिगळे तोच शिवतो, आणि त्याचा खर्च या वार्षिक रकमेतूनच निघतो. तिऱ्हाइताकडे गेलेल्या गिऱ्हाइकाला ती ठिगळे मिळत नाहीत. तेव्हा स्वस्ताईलाही तिची किंमत आहेच.

म्हणून भाऊसाहेबांना मी सुचवले आहे की, पुढच्या खरेदीच्या वेळी किंमत मागाहून विचारा. आधी तीन गोष्टी कागदावर घ्या. आमची माहिती आम्हांला साध्या स्वरूपात परत मिळेल काय? तुमची कंपनी बुडाली तर मूळ संहिता हाती यावी, म्हणून ती त्रयस्थाकडे ठेव म्हणून ठेवाल काय? आणि उद्या दुसऱ्याकडून देखभाल करून घेतली, तर तुमची हरकत नाही ना? या प्रणालीत शिपायाचा पगार आहे आणि गरीब विद्यार्थ्याची फीमाफी आहे. ती कुणाच्या मर्जीवर अडून राहू नये.

न्हाणीघरातला बंब गळू लागला की ज्याच्या बोटांत कसब असेल त्याला हाक मारावी, एवढे स्वातंत्र्य तर माझ्या आजीलाही होते.