माथेरानच्या वेगाने

नेरळहून माथेरानला चढणारी गाडी घाटात ताशी १२ किलोमीटरने जाते असं धरलं, तर १:१९ प्रमाणातल्या तिच्या प्रतिकृतीने सेकंदाला साडेसतरा सेंटिमीटर जायला हवं. म्हणजे वीतभरही नाही. खऱ्या रुळांमधलं अंतर ६१० मिलिमीटर, त्याला १९ ने भागलं की ३२ येतात, आणि बागेतल्या छोट्या रेल्वेसाठी ३२ मिलिमीटरचे रूळ तयार मिळतात. ब्रिटनमधले हौशी लोक दोन फुटी गेजच्या गाड्यांसाठी हेच प्रमाण वापरतात. १९०७ साली सुरू झालेली आपली ही गाडी त्यात नेमकी बसते याचा मला फार आनंद आहे. कस लागतो तो वेगाच्या बाबतीत. सुसाट पळणारी खेळण्यातली गाडी कुणीही करील. पण सेकंदाला वीतभरापेक्षा कमी अंतर, न अडखळता, चढावर आणि उतारावर सारखंच कापायचं, तर हातातल्या नॉबपासून मोटरपर्यंत काय काय घडतं ते समजून घ्यावं लागतं.

घरातल्या मांडणीत रुळांमधूनच वीज देतात. बागेत ते टिकत नाही. पितळी रूळ काळे पडतात, धूळ बसते, पावसाळ्यात चिखल उडतो, आणि पुण्यात बुचाच्या फुलांचा सडा पडला की चाकांना रूळ सापडतच नाही. म्हणून बॅटरी इंजिनाच्या पोटात ठेवायची आणि हुकूम रेडिओने द्यायचा. मात्र इथे खर्चाचं गणित बदलतं. रुळांत वीज असेल तर साध्या मांडणीला एक कंट्रोलर पुरतो. बॅटरी आली की प्रत्येक इंजिनाला बॅटरी आणि रिसीव्हरचा स्वतंत्र संच लागतो. आयातशुल्क भरून तयार रिसीव्हर मागवायचा म्हटलं, तर माझ्यासारखीचं बजेट एका इंजिनातच संपतं. मग वाटेतल्या जुम्मापट्टी स्टेशनात क्रॉसिंग कुणाचं करायचं? संच स्वस्त हवा तो एवढ्यासाठी.

पुण्यातल्या पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांतून हे सगळं जमतं. रेडिओचा हुकूम ऐकायला ईएसपी३२-सी३चा अंगठ्याएवढा बोर्ड, मोटर चालवायला डीआरव्ही ८८३३ हा ड्रायव्हर, ३.३ व्होल्ट काढणारा छोटा कन्व्हर्टर, दोन १८६५० सेल आणि त्यांचं प्रोटेक्शन सर्किट. मोटरसाठी बहुतेक जण आधी एल२९८एन उचलतात, कारण तो सगळीकडे मिळतो. तो जुन्या पद्धतीचा आहे. स्वतःच दोनेक व्होल्ट खातो. आपल्याकडे मुळात ७.४ व्होल्ट, त्यातला चौथा हिस्सा उष्णतेत घालवणं परवडत नाही. सेलच्या बाबतीत मात्र मी घासाघीस करत नाही. १८६५०वर ९९०० मिलिअँपिअर-तास असं छापलेलं दिसलं की तो खाली ठेवावा. या आकारात चांगल्यातला चांगला सेलही साडेतीन हजारांच्या आसपास असतो.

आता वेग. मोटरला वीज सलग न देता तुकड्यांनी देतात: सेकंदात अनेकदा चालू, अनेकदा बंद. चालू काळ जितका मोठा तितका वेग जास्त. तुकडे सेकंदाला शंभर-दोनशे ठेवले तर प्रत्येक धक्का ठसठशीत बसतो, गिअरमधलं घर्षण मोडतं आणि गाडी अगदी सावकाश सुटते. पण इंजिन घुरघुरतं. तुकडे वीस हजारांवर नेले की कानाला काही ऐकू येत नाही, पण सुटताना जोर कमी पडतो. मोटरमधली वेटोळी वीजप्रवाहाला इतक्या थोड्या वेळात वाढूच देत नाहीत. यावरची युक्ती बंद काळात आहे. त्या वेळी मोटर मोकळी न सोडता तिची दोन टोकं ड्रायव्हरच्या आतून एकमेकांना जोडलेली ठेवायची. मग प्रवाह फिरत राहतो, नॉबच्या प्रमाणात वेग वाढतो, आणि उतारावर मोटर स्वतःच ब्रेकचं काम करते. प्रोग्राममध्ये यासाठी एक-दोन ओळी बदलाव्या लागतात. माझ्या गाड्यांच्या चालीत सर्वांत मोठा फरक त्या ओळींनी पडला. दोन इंजिनं एकाच आकड्यावर सारखी धावत नाहीत, म्हणून प्रत्येकाचा वेगतक्ता मी स्टॉपवॉच लावून एक मीटर अंतरावर भरते आणि त्याच्याच रिसीव्हरमध्ये ठेवते.

मोटरच्या ब्रशवरच्या ठिणग्या रेडिओला त्रास देतात. टोकांवर १०४चा चकती कपॅसिटर सोल्डर करायचाच. बोर्डाच्या पुरवठ्यावर एक मोठा इलेक्ट्रोलिटिकही हवा, नाहीतर गाडी सुटताना व्होल्टेज कोसळतं आणि बोर्ड रीसेट होतो. अँटेना पत्र्याच्या बॉयलरखाली दडवू नये. ओली झाडी २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी गिळते, त्यामुळे जुलैत कर्दळीच्या वाफ्यामागे संदेश गळतात. म्हणून रिसीव्हरला सांगून ठेवलेलं असतं: अर्धा सेकंद काही ऐकू आलं नाही तर हळूहळू वेग उतरवून थांबायचं. हा नियम नसलेलं कोणतंही सर्किट, कितीही देखणं असो, मी रुळावर ठेवू देत नाही.

हुकमासाठी फोन वापरता येतो. पण मी दुसऱ्या ईएसपी३२ला एक पोटेन्शिओमीटर आणि नॉब जोडून प्लास्टिकच्या डबीत बसवते; ईएसपी-नाऊ पद्धतीने दोन्ही बोर्ड राउटरशिवाय थेट बोलतात. काचेच्या पडद्यावर बोट कुठे आहे ते बघावं लागतं, आणि तेवढ्यात गाडी वळणावर गेलेली असते. नॉब बोटांनाच कळतो. नजर गाडीवर राहते. दिशेचं बटण वेगळं आहे, आणि गाडी पूर्ण थांबल्याशिवाय रिसीव्हर ते जुमानत नाही. सोसायटीतल्या मुलांच्या हातात डबी द्यायला गिअरच्या दृष्टीने एवढी व्यवस्था पुरते.