आणखी कुणाला खाजतं?

दोस्तांनो, ताप आला की तुम्ही आईला लगेच सांगता. पोट दुखलं तर जरा जास्तच सांगता, विशेषतः गणिताच्या चाचणीच्या दिवशी! पण बोटांच्या बेचक्यात रात्रभर खाजतंय, हे सांगाल? खाजेला लोक हसतात. आणि नेमकं त्यामुळेच माझ्या भाचीचं दुखणं दीड महिना कुणाला सापडत नव्हतं.

भाचीचं नाव चिमी, वय दीड वर्ष. तळहात, तळपाय, काखा आणि पोटावर बारीक लाल पुरळ. दिवसा बऱ्यापैकी खेळायची, रात्री मात्र पायावर पाय घासत रडायची. घरात प्रत्येकाचं निदान तयार! आजी म्हणाल्या, "पित्त उठलंय," आणि आमसुलाचं पाणी लावलं. शेजारच्या काकूंच्या मते घामोळं. एका डॉक्टरांनी अ‍ॅलर्जी म्हणून अंडं आणि शेंगदाणे बंद केले. मग औषधाच्या दुकानातून कुणीतरी सुचवलेलं मलम आलं. चार दिवस लाली उतरली, सगळ्यांना हायसं वाटलं, आणि पाचव्या दिवशी पुरळ मांड्यांपर्यंत पोचलं. त्या मलमात स्टिरॉइड होतं. अशा मलमानं सूज आणि लाली दबते, पण मूळ कारण तसंच राहतं. उलट खुणा पुसट झाल्यामुळे डॉक्टरांनाही ओळखणं अवघड जातं.

चिमीला कडेवर घेतलं की ओळखीच्या बायका नकळत दोन पावलं मागं सरकायच्या. ताईला ते फार लागायचं.

शेवटी मी, ताई, चिमी आणि तिचा सातवीतला दादा मन्या असे कराडहून साताऱ्याला एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो. (मन्या का आला? शाळेला सुट्टी आणि साताऱ्याचे कंदी पेढे, दुसरं काय!) बाईंनी भिंगातून चिमीचे तळवे पाहिले आणि विचारलं, "खाज कधी वाढते?"

"रात्री," ताई म्हणाली.

"घरात आणखी कुणाला खाजतं?"

"छे, कुणालाच नाही."

मन्यानं हात खिशात घातले. बाईंनी ते बरोबर टिपलं. "हात दाखव रे बाळा."

बोटांच्या बेचक्यांत आणि मनगटावर बारीक फोड होते, आणि त्यांच्या मधे केसाएवढी वाकडीतिकडी रेघ. बाईंनी तिच्यावर शाईचा थेंब सोडला आणि स्पिरिटच्या बोळ्यानं पुसला. बाकीची शाई गेली, रेघेतली राहिली. म्हणजे तिथं चक्क बोगदा होता! मग तिथलं थोडं खरवडून काचपट्टीवर घेतलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. पहिला मान मन्याचा.

"मामा, आठ पाय!" तो ओरडलाच.

ही खरूज. तिचा किडा कोळ्याच्या आणि गोचिडाच्या जातकुळीतला, अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान. मादी कातडीच्या अगदी वरच्या थरात बोगदा पाडते आणि रोज दोन-तीन अंडी घालते. एरवी एका माणसाच्या अंगावर असे जेमतेम १०-१५ किडे असतात. पण शरीराला त्यांचं वावडं असतं, म्हणून खाज अंगभर सुटते. गंमत अशी, की पहिल्या खेपेला ती सुरू व्हायलाच ४ ते ६ आठवडे लागतात. तोवर किडा शेजारी झोपणाऱ्याकडे पोचलेला असतो. मन्या आणि चिमी एकाच गादीवर झोपत. आणि बरं का, आंघोळीची टाळाटाळ केल्यानं ही होत नाही. दिवसातून दोनदा साबण लावणाऱ्यालाही होते.

१६८७ साली इटलीत बोनोमो आणि चेस्तोनी या दोघांनी सूक्ष्मदर्शकातून हा किडा पाहिला, त्याचं चित्रही काढलं. तरी शरीरातल्या दूषित रसांमुळे खरूज होते असं मानणाऱ्या विद्वानांनी पुढं दीडशे वर्षं ते मनावर घेतलं नाही. १८३४ मध्ये पॅरिसला रेनुच्ची नावाच्या विद्यार्थ्यानं सुईच्या टोकावर किडा काढून दाखवला. ही युक्ती त्यानं पाहिली होती कॉर्सिका बेटावरच्या, म्हणजे त्याच्या गावाकडच्या, बायकांकडे!

परतताना एसटीत मन्या बोलला. त्याच्या वर्गात एका मुलाला सगळे 'खरजुल्या' म्हणत. त्याच्या बाकावर कुणी बसत नसे, मन्या मात्र बसायचा. "मी सांगितलं असतं तर मलापण तसंच म्हटले असते ना, मामा." मी काय बोलणार? त्याचं म्हणणं खरंच होतं.

त्या रात्री घरातल्या सगळ्यांनी बाईंनी दिलेलं परमेथ्रिनचं मलम मानेपासून तळपायापर्यंत फासलं. चिमीला तर बाईंच्या सांगण्यावरून डोळे आणि तोंड सोडून डोक्यालाही. ज्याला खाजत नाही त्यानंही लावायचं, आणि सगळ्यांनी एकाच दिवशी. नाहीतर एकाचा किडा दुसऱ्याकडे पाहुणा जातो! आजोबांनी बरीच कुरकुर केली. सकाळी आंघोळी, चादरी-कपडे कडकडीत गरम पाण्यात. आठवड्यानं हे सगळं पुन्हा. किडे मेले तरी खाज दोन-चार आठवडे रेंगाळते, हे बाईंनी आधीच सांगितलं होतं म्हणून बरं, नाहीतर आजींनी पुन्हा आमसुलं काढली असती.

तिसऱ्या आठवड्यात चिमी पहिल्यांदा सलग रात्रभर झोपली. त्याच आठवड्यात मन्याच्या बाकावरच्या त्या मुलाची आई ताईकडे आली. बराच वेळ इकडचं-तिकडचं बोलली. मग उठता उठता हळूच तिनं विचारलं, "साताऱ्याच्या त्या बाईंचा पत्ता देता का? आम्ही घरात पाचजण आहोत."